तो फील्डिंगला वाईट आहे म्हणे

मी इथं अमेरिकेत बेसबॉलच्या टीव्ही ब्रॉडकास्टसाठी आकडे काढायचं काम करतो. मॅच चालू असताना स्क्रीनवर खाली जी एक ओळ झळकते ना, ती आमच्यासारख्यांकडून जाते. मागच्या सीझनमध्ये एका दुपारी प्रोड्युसरचा मेसेज आला की अमुक रिलिव्हर (मॅचच्या मधे उतरणारा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा) फील्डिंगमध्ये लीगच्या सरासरीपेक्षा पार मागे आहे, रेंज फॅक्टर कमी, फील्डिंग पर्सेंटेज कमी, झकास ओळ होईल, संध्याकाळपर्यंत दे. नाव सांगत नाही, बिचाऱ्याचे आधीच बारा वाजलेत.

आकडे तपासले तर बरोबरच होते, आणि तिथंच खरी गोची होती. रेंज फॅक्टर म्हणजे पुटआउट (आउट स्वतः पुरा करणं) अधिक असिस्ट (थ्रो वगैरे करून आउटला हातभार), गुणिले नऊ, भागिले टाकलेल्या इनिंग. आता पिचरनं बॅटरला स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं, की पुटआउट कुणाला मिळतो? कॅचरला, बॅटरच्या मागं बॉल झेलायला बसलेल्याला! म्हणजे पठ्ठ्या जितका भारी, तितका त्याचा स्वतःचा रेंज फॅक्टर खाली. रिलिव्हर अरोल्डिस चॅपमनचं 2014 चं सीझन घ्या, 54 इनिंगमध्ये 106 स्ट्राइकआउट. इनिंगला तीन, म्हणजे 54 इनिंगचे 162 आउट, त्यातून हे वजा केले की उरतात जेमतेम 56 आणि तेही सगळ्या टीममध्ये वाटून, मग याच्या ग्लोव्हपर्यंत बॉल येणार कधी? उलट 2016 चा रिलिव्हर झॅक ब्रिटन, त्याच्या सिंकरवर (खाली झुकणाऱ्या बॉलवर) बॅटला लागलेले 80 टक्के बॉल जमिनीवरून जायचे, अशा पिचरच्या पायाशी बॉल येणारच. दोघांना एकाच सरासरीशी ताडायचं आणि वर त्याला फील्डिंग म्हणायचं!

आमचा हा गडी चॅपमनच्या जातीचा. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजावेत इतके चान्स (पुटआउट, असिस्ट आणि एरर म्हणजे चुका मिळून). पिचर लोकांचं फील्डिंग पर्सेंटेज, म्हणजे चान्सपैकी बिनचूक किती, लीगमध्ये साधारण .950 च्या आसपास असतं, आणि दहा चान्समध्ये एक एरर झाली की तुम्ही .900 वर, झालात वाईट फील्डर. मॅच सुरू करणारे स्टार्टर लोक याच्या दुप्पट-तिप्पट इनिंग टाकतात, त्यांची एक चूक त्या गर्दीत मुरून जाते.

मग मी त्याच्या सगळ्या प्लेचे व्हिडिओ काढून बसलो, हे कुणी सांगितलं नव्हतं पण राहवेना. चहा संपायच्या आत बघून झाले, एवढेच होते. बंट (बॅट नुसती टेकवून हळूच ढकललेला बॉल) छान उचलतोय, फर्स्ट बेस कव्हर करायला वेळेत पळतोय. आणि एरर? ती होती पिकऑफची. रनरला फर्स्टवर दाबून ठेवायला टाकलेला थ्रो बाहेर गेला, रनर पुढं सरकला, लागली एरर. पण असे थ्रो तो सीझनभर नीट टाकत होता त्याचं काय, तर काही नाही, कारण आउट झाला नाही तर असिस्ट नाही, चान्सही धरत नाहीत. म्हणजे चुकला तरच हिशेबात! आपल्या क्रिकेटमध्ये कॅच सुटला तरी स्कोअरकार्डावर त्याची नोंद नसते, इथं मात्र रन आणि हिटच्या शेजारी एररचा वेगळा रकाना, सगळ्या स्टेडियमला दिसेल असा.

शेजारच्या टेबलावर एक जुने जाणते सहकारी बसतात, त्यांना दाखवलं तर ते हसले आणि म्हणाले, यँकीजचा रिलिव्हर मारियानो रिव्हेरा विसरलास का? 2001 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा गेम, अ‍ॅरिझोनात, नववी इनिंग, यँकीज 2-1 नं पुढं. डेमियन मिलरचा बंट उचलून रिव्हेरानं सेकंडला थ्रो केला तो सरळ सेंटर फील्डात. तिथून गेम फिरला आणि अ‍ॅरिझोना 3-2 नं जिंकलं. आता यावरून रिव्हेरा वाईट फील्डर ठरतो का, तर कुणी म्हणणार नाही, चपळच होता तो.

तसंही रिलिव्हरच्या चांगल्या फील्डिंगची नोंद घेतं कोण? पिचरच्या गोल्ड ग्लोव्हला, म्हणजे फील्डिंगच्या पुरस्काराला, पात्र व्हायलाच टीमच्या पहिल्या 138 गेममध्ये 138 इनिंग लागतात, रिलिव्हरच्या त्याच्या निम्म्या होतानाही मारामार.

मी प्रोड्युसरला लिहून पाठवलं की सरासरीची तुलना काढून टाका, फार तर एवढे चान्स, एक एरर, तीही पिकऑफवर, असं दाखवा. वर स्ट्राइकआउटचं कारणही जोडलं. पाच मिनिटांत उत्तर आलं, ओळ लांब होतेय. आठव्या इनिंगला तो बुलपेनमधून (रिलिव्हर जिथं वॉर्मअप करतात तिथून) आला तेव्हा पट्टीवर आला त्याच्या फास्टबॉलचा स्पीड. चला, निदान ती वाईट ओळ तरी गेली नाही.