कर्नलमधलं कोणतं फंक्शन मॉड्यूलला द्यावं?

लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) एखादं फंक्शन स्टॅटिक, म्हणजे आपल्या फाइलपुरतंच मर्यादित, नाही, म्हणून ते मॉड्यूलला (वेगळा बांधून चालू कर्नलला जोडता येणाऱ्या तुकड्याला) मिळेलच असं नाही. मूळ इमेजमध्ये बांधलेला कोड ते सहज कॉल करतो, कारण बांधणीच्या शेवटी लिंकर सगळं एकत्र जोडतो. मॉड्यूल नंतर लोड होतं आणि त्याला फक्त एक्स्पोर्ट_सिम्बॉल लावलेली नावं दिसतात. त्यामुळे तोच ड्रायव्हर कॉन्फिगमध्ये 'वाय' (मूळ इमेजमध्ये) असताना बांधला जातो आणि 'एम' (मॉड्यूल म्हणून) केला की मॉडपोस्ट, म्हणजे मॉड्यूलची नावं तपासणारं बांधणीतलं साधन, 'अनडिफाइन्ड' म्हणत थांबतं. एक्स्पोर्टची एक ओळ घातली की एरर जाते. पण त्या ओळीनंतर ते फंक्शन कोण, कुठून, कोणतं लॉक (एका वेळी एकानेच डेटा हाताळावा म्हणून घेतलेलं कुलूप) घेऊन कॉल करेल हे तुमच्या हातात राहत नाही.

म्हणून एक्स्पोर्ट करण्याआधी काही अटी बघा. पहिली सरळ आहे: मुख्य ट्रीमधल्या (कर्नलच्या अधिकृत सोर्समधल्या) एखाद्या मॉड्यूलला ते आज लागत असलं पाहिजे. एक्स्पोर्ट आणि त्याचा वापर एकाच पॅच-मालिकेत यावा. 'पुढे लागेल' म्हणून केलेला एक्स्पोर्ट परत काढणं फार जड जातं, कारण बाहेरच्या मॉड्यूल्सनी तोवर तो धरलेला असतो.

दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते: पूर्ण काम द्या, त्यातली एखादी पायरी देऊ नका. दोन अंडरस्कोरनी सुरू होणारी बरीच फंक्शन्स लॉक आधीच घेतलेलं आहे असं धरून चालतात. ती मॉड्यूलला दिली की ते लॉकही द्यावं लागतं, मग त्या लॉकखालचं स्ट्रक्चरही. त्यापेक्षा लॉक घेऊन, काम करून, लॉक सोडणारं वेगळं फंक्शन लिहा आणि तेच एक्स्पोर्ट करा. व्हेरिएबल तर शक्यतो देऊच नका. वाचायला दिलेलं व्हेरिएबल मॉड्यूल लिहूही शकतं. २.५ मालिकेत सिस्टीम कॉलच्या तक्त्याचा (प्रोग्रॅमची कोणती मागणी कोणत्या फंक्शनकडे जाते याच्या यादीचा) एक्स्पोर्ट काढला गेला, त्यामागची अडचण याच जातीची होती. दोन मॉड्यूल्सनी एकच नोंद बदलली आणि ती उलट्या क्रमाने न काढता भलत्याच क्रमाने काढली, तर तक्त्यात मोकळ्या झालेल्या मेमरीचा पत्ता उरतो.

कॉलबॅक (कर्नलने नंतर कॉल करायचं मॉड्यूलचं फंक्शन) नोंदवणारं फंक्शन देत असाल तर नोंद काढणारंही द्यावंच लागतं. नोंद काढणाऱ्याने चालू असलेले कॉलबॅक संपेपर्यंत थांबायला हवं, उदाहरणार्थ सिंक्रोनाइझ_आरसीयू वापरून (आरसीयू ही वाचणाऱ्यांना न अडवता डेटा बदलण्याची कर्नलमधली पद्धत). नाहीतर आरएमएमॉडने मॉड्यूल काढल्यावर कर्नल नसलेल्या कोडवर उडी मारतो. ही चूक चाचणीत क्वचितच दिसते, लोडखाली मात्र दिसू शकते. इनिट विभागातलं (फक्त सुरुवातीला लागणारं) फंक्शनही एक्स्पोर्ट करू नका: बूटनंतर ती मेमरी सोडून दिलेली असते.

साधा एक्स्पोर्ट की जीपीएल (फक्त जीपीएल लायसन्सशी सुसंगत मॉड्यूल्सना दिसणारा), हा निर्णय हेडरमधल्या इनलाइन फंक्शन्समुळे फसवा होतो. इनलाइन फंक्शनचा कोड कॉल करणाऱ्याच्या जागीच बसवला जातो, म्हणजे मॉड्यूलमध्येच उतरतो, म्हणून आतून कॉल होणारं फंक्शनही एक्स्पोर्ट असावं लागतं आणि त्याची अट मॉड्यूलला लागू होते. आरसीयूने वाचन सुरू करणारं आरसीयू_रीड_लॉक हे इनलाइन आहे. प्रीएम्प्ट आरसीयू हा पर्याय चालू असलेल्या कॉन्फिगमध्ये ते आतून जीपीएल-एक्स्पोर्ट असलेलं फंक्शन कॉल करतं. म्हणून जीपीएलशी न जुळणाऱ्या लायसन्सचं एखादं मॉड्यूल एका कॉन्फिगवर बांधलं जातं आणि दुसऱ्यावर अडतं.

कर्नल ५.४ पासून नेमस्पेस, म्हणजे एक्स्पोर्ट केलेल्या नावांचे वेगळे गट, आहेत. यूएसबी स्टोरेजच्या उपड्रायव्हर्सना लागणारी अंतर्गत फंक्शन्स अशी वेगळी ठेवली आहेत. वापरणाऱ्याने मॉड्यूल_इम्पोर्ट_एनएस लिहावं लागतं. ६.१३ पासून ते नाव अवतरणचिन्हांत द्यावं लागतं, म्हणून जुना कोड तिथे अडतो. एकाच उपप्रणालीच्या तुकड्यांत वाटायचं असेल तर नेमस्पेसशिवाय एक्स्पोर्ट करू नये, असं माझं ठाम मत आहे.

एक चुकीचा एक्स्पोर्ट बाकी सगळी निवड फोल ठरवू शकतो. केऑलसिम्स_लुकअप_नेमला नाव दिलं की जवळपास कोणत्याही सिम्बॉलचा (फंक्शन किंवा व्हेरिएबलच्या नावाचा) पत्ता मिळायचा, मग तो एक्स्पोर्ट असो वा नसो. २०२० मध्ये ५.७ आवृत्तीत ते मॉड्यूल्ससाठी बंद केलं. मुख्य ट्रीमध्ये उरलेला मॉड्यूलमधला वापर एका नमुना मॉड्यूलमध्ये होता. तो आधी दुरुस्त करून मग एक्स्पोर्ट काढला.

पॅच पाठवण्याआधी ऑलमॉडकॉन्फिगने (शक्य तेवढं सगळं मॉड्यूल म्हणून बांधणाऱ्या कॉन्फिगने) पूर्ण बिल्ड करा आणि आधीच्या-नंतरच्या मॉड्यूल.सिमव्हर्स (एक्स्पोर्टच्या यादीच्या) फाइल्सचा डिफ, म्हणजे फरक, बघा. त्यात सीआरसी (फंक्शनच्या रचनेवरून काढलेला तपासणी-अंक), नाव, कुठून आलं, एक्स्पोर्टचा प्रकार आणि नेमस्पेस असे रकाने असतात. मॉडव्हर्जन्स (मॉड्यूल लोड करताना हे सीआरसी जुळवून बघणारा पर्याय) चालू असेल तर एका स्ट्रक्चरमध्ये फील्ड वाढवल्यावर ते वापरणाऱ्या कितीतरी फंक्शन्सचा सीआरसी बदललेला दिसेल. जुनं बांधलेलं मॉड्यूल मग 'डिसअग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल' या संदेशासह नाकारलं जातं. शेवटी कासान (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलमधलं साधन) चालू ठेवून, कॉलबॅक येत असतानाच मॉड्यूल वारंवार लोड-अनलोड करून बघा.