आमची वाटचाल : गेटवेवाले नेमके किती कापतात

आम्ही हाताने शिवलेल्या वह्या आणि डायऱ्या ऑनलाइन विकतो. मी, धाकटा भाऊ आणि हिशोबाला वहिनी, एवढीच आमची कंपनी. कागद, बाइंडिंग, फोटो, पॅकिंग यावर कुणीही भरभरून बोलेल, पण धंदा टिकला तो वहिनीने दर महिन्याला काढायला लावलेल्या एका आकड्यामुळे असं मी म्हणेन. महिन्याभरात पेमेंटवर गेलेली सगळी फी भागिले त्या महिन्याची एकूण विक्री, बस. गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पेमेंट घेऊन देणाऱ्या कंपनीच्या, जाहिरातीत जो दर असतो आणि हा जो आकडा येतो त्यात बराच फरक निघतो, आणि तो फरक कुठून येतो ते शोधता शोधताच आमची निम्मी वाटचाल झालीय.

आधी कापलेले पैसे जातात कुठे ते सांगतो. आपल्याला वाटतं गेटवेवाला सगळे खातो, तसं नाहीये. मोठा वाटा जातो ग्राहकाचं कार्ड ज्या बँकेचं आहे तिला, त्याला इंटरचेंज म्हणतात, थोडा जातो व्हिसा-मास्टरकार्डसारख्या नेटवर्कला, आणि उरतं ते प्रोसेसरचं, म्हणजे गेटवेवाल्याचं, मार्जिन. घासाघीस करायची तर या शेवटच्या भागावरच, बाकीचे दोन त्याच्याही हातात नसतात. ग्राहक पॉइंट्सवालं भारी क्रेडिट कार्ड वापरतो तेव्हा इंटरचेंज जास्त लागतं, म्हणजे त्याच्या पॉइंट्सचा खर्च शेवटी आपल्यासारख्या दुकानदाराच्याच खिशातून जातो 😄 युरोपियन युनियनने २०१५ मध्ये यावर मर्यादा घातली, साध्या ग्राहकांच्या डेबिट कार्डाला ०.२ टक्के आणि क्रेडिटला ०.३ टक्के, पण ती फक्त इंटरचेंजवर, बाकीचं वर लागतंच.

आता आमचं खरं दुखणं. टक्केवारीकडे सगळे बघतात, पण बहुतेक ठिकाणी टक्क्याच्या जोडीला प्रत्येक व्यवहारामागे एक ठरावीक रक्कमही असते आणि छोट्या ऑर्डरवाल्याला तीच मारते. अमेरिकेत खूप वर्षं रूढ असलेला दर घ्या, २.९ टक्के अधिक ३० सेंट. ५० डॉलरच्या ऑर्डरवर हे १.७५ डॉलर होतात, म्हणजे साडेतीन टक्के, ठीक आहे, चालतं. पण ५ डॉलरची एकच छोटी वही कुणी घेतली तर साडेचव्वेचाळीस सेंट, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के! आणि आमच्याकडे तर पॉकेट वहीच सगळ्यात जास्त जायची. भावाचं म्हणणं किंमत वाढवू, वहिनी म्हणाली किंमत राहू दे, तीन वह्यांचा संच करा. तसंच केलं. त्याच दराने तीन वेगळ्या ऑर्डरींवर १.३४ डॉलर जातील तिथे एका संचावर ७४ सेंटही जात नाहीत, वर खोकी वाचतात ते वेगळंच.

अजून एक, फी फक्त मालाच्या किमतीवर लागत नाही. ग्राहकाने भरलेल्या पूर्ण रकमेवर लागते, त्यात डिलिव्हरी चार्ज आला आणि सरकारला भरायचा करही आला, म्हणजे जे पैसे आपले नाहीतच त्यांच्यावरही फी आपण भरायची. आणि ३ टक्के फी जाऊन हातात १०० हवे असतील तर १०३ लावून भागत नाही, १०० भागिले ०.९७ करावं लागतं, १०३.०९ येतात. छोटी गोष्ट आहे, पण वहिनी हे नऊ पैसेही सोडत नाही.

रिफंडचं प्रकरण वेगळं. ग्राहकाला पूर्ण पैसे परत जातात पण पहिल्या व्यवहाराची फी बरेच प्रोसेसर परत देत नाहीत. आमच्या डायऱ्यांवर नाव घालून मिळतं, त्यामुळे रात्री ऑर्डर टाकून सकाळी ‘कॅन्सल करा, स्पेलिंग बदलायचंय’ असे मेसेज ठरलेले. म्हणून आता आम्ही ऑर्डर आली की कार्डावर रक्कम फक्त अडवून ठेवतो आणि डायरी शिवायला घेतली की मग वसूल करतो, त्याआधी रद्द झाली तर व्यवहार तिथेच मिटतो, रिफंडचा प्रश्नच येत नाही. अडवलेली रक्कम साधारण आठवडाभरच धरून ठेवता येते, तेवढं भान ठेवायचं.

चार्जबॅक म्हणजे ग्राहक थेट स्वतःच्या बँकेला सांगतो की हा व्यवहार माझा नाही. पैसे तर ओढले जातातच, वर वेगळी फी, आणि ती काही ठिकाणी आपण जिंकलो तरी परत मिळत नाही. आमच्याकडे आलेले बरेचसे चार्जबॅक चोरीचे नव्हतेच! कार्डाच्या स्टेटमेंटवर दुकानाच्या नावाऐवजी कंपनीचं नोंदणीचं नाव यायचं, लोकांना ओळखूच यायचं नाही की हे कोण. सेटिंगमध्ये जाऊन दुकानाचं नाव टाकलं, बावीस अक्षरांत बसवावं लागलं, आणि तक्रारी एकदम कमी झाल्या. ओटीपीने पक्का केलेला व्यवहार असेल तर कार्डचोरीच्या दाव्याची जबाबदारी सहसा ग्राहकाच्या बँकेवर जाते, म्हणून तो आम्ही कुठे बंद ठेवत नाही, एखादं गिऱ्हाईक ओटीपीला कंटाळून गेलं तरी चालेल.

परदेशातल्या कार्डाला जादा टक्का आणि चलन बदलायचा जादा टक्का असे दोन्ही लागतात, त्यामुळे तिकडच्या ऑर्डरींचा आकडा वहिनी आता वेगळाच काढते.

सध्या दुसऱ्या एका प्रोसेसरशी बोलणं चालू आहे. तो इंटरचेंज जेवढं लागेल तेवढंच लावून वर आपलं ठरावीक मार्जिन घेतो, सरसकट एक दर नाही, आणि आमचे बरेच ग्राहक डेबिटवाले असल्याने ते स्वस्त पडेलसं दिसतंय. पण तो सुरुवातीचे सहा महिने प्रत्येक व्यवहाराचा काही भाग राखीव म्हणून रोखून ठेवणार, आणि सीझनच्या तोंडावर कागद रोखीत घ्यावा लागतो. भाऊ लगेच जाऊ म्हणतोय, वहिनीने मागचे स्टेटमेंट काढून दोन्ही दरांनी हिशोब मांडायला घेतलाय, तो होईपर्यंत सही नाही.