तलवार, जाकीट आणि एक दाभण

आधी दुरुस्ती. जाकिटाच्या कापडावर पात्याचं टोक पाडून मोजलेले, मागच्या वेळी दिलेले पहिले दहा आकडे खोडून टाका. सगळे चुकलेत. चूक टोक ज्यातून पाडतो त्या पाइपाची, म्हणजे माझीच.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. अमळनेरला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, गेट, ट्रॉलीची दुरुस्ती. रात्री शटर अर्धं ओढलं की हा उद्योग सुरू होतो. आजच्या बुलेटप्रूफ जाकिटातून जुन्या घडणीची तलवार आरपार जाते का, एवढंच बघायचंय. व्हिडिओंमध्ये एखादा पैलवान दात-ओठ खाऊन भोसकतो, आणि गेली की नाही गेली यावर निकाल लागतो. जोर किती लावला, टोक कसं होतं, मागे काय ठेवलं होतं, कोणी विचारत नाही. म्हणून माणसाचा हात बाजूला ठेवून मी वजन पाडायचं ठरवलं.

भिंतीला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा ठोकलाय. केळीवाल्यांच्या मुलखात पाइपाला काय तोटा! आत २ किलोचा लोखंडी दांडा. त्याला वर-खाली नायलॉनच्या चकत्या आणि तोंडाशी बोल्टने बसणारं पात्याचं टोक. पूर्ण तलवार दुकानात ठेवायची नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं, त्यामुळे टोकं फक्त चार-चार इंचांची. अमेरिकेच्या एनआयजे या संस्थेचं भोसकण्याविरुद्धच्या चिलखतांसाठी २००० सालचं ०११५.०० नावाचं मानक आहे. त्यात ऊर्जेच्या तीन पायऱ्या आहेत, २४, ३३ आणि ४३ ज्यूल. त्या धक्क्याला टोक चिलखतामागे ७ मिलिमीटरपेक्षा जास्त निघालं तर चिलखत नापास. माझ्या २ किलोला २४ ज्यूलसाठी १.२२ मीटर उंची लागते आणि ४३ साठी २.१९ मीटर. मानकातलं यंत्र यापेक्षा बरंच नाजूक असतं. हे आपलं देशी.

आता ती चूक. मी उंची मोजली, गणित केलं आणि २४ ज्यूल लिहून मोकळा झालो. परवा सहज मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांचा व्हिडिओ काढला. पाइपाच्या खालच्या तोंडाबाहेर २० सेंटिमीटरच्या खुणा होत्या. तेवढं अंतर कापायला दांड्याला १२ चित्रं लागली. म्हणजे वेग सेकंदाला ४ मीटर आणि ऊर्जा १६ ज्यूल! हिशोबाने तो ४.९ हवा होता. ८ ज्यूल गेले कुठे? नायलॉनच्या चकत्या पाइपात इतक्या नीट बसल्या होत्या की सायकलच्या पंपासारखी हवा दाबली जात होती. दांडा पडत नव्हता, पाळण्यातून उतरत होता. पाइपाला वीतभर अंतरावर भोकं पाडली, चकत्यांना खाचा दिल्या. आता १० चित्रं लागतात. वेग ४.८, ऊर्जा २३ ज्यूल. एक कमी आहे, राहू दे.

जाकिटाच्या जागी काय, हे बऱ्याच जणांनी विचारलं होतं. तयार जाकीट नाही. चौरस मीटरला २०० ग्रॅमचं साधं विणलेलं ॲरॅमिड कापड मागवलं आणि २४ थरांच्या फूटभर गाद्या शिवून घेतल्या. बुलेटप्रूफ जाकिटात असतं ते केवलार म्हणजे हेच ॲरॅमिड. स्टेफनी क्वोलेक यांना ड्युपाँट कंपनीत १९६५ साली तो धागा सापडला, तेव्हा शोध चालला होता टायरसाठी हलक्या आणि मजबूत धाग्याचा. कापड पिवळंधमक, हाताला रेशमासारखं लागतं. शेजारच्या टेलरमास्तरांची कात्री घेऊन कापायला बसलो. पहिला थर कसाबसा कापला. दुसऱ्याला कात्री कापड चावायला लागली, कडेला नुसती लव निघायची. तिसऱ्या थराशी मास्तर स्वतः आले, कात्री हातातून काढून घेतली आणि एक शब्द न बोलता गेले. दुसऱ्या दिवशी धार लावायचे पैसे मागितले. बरोबरच होतं त्यांचं. ज्या धाग्याने कात्री बोथट केली त्याला तलवार काय करणार, असं मला तेव्हा वाटलं होतं. ते अर्धंच खरं निघालं.

खरं निघालेला अर्धा भाग असा. दांडपट्टा शिकवणारे आमच्या तालमीचे वस्ताद रविवारी आले. सोबत तालमीची तलवार होती, ती फक्त त्यांच्याच हातात. चोपड्याकडून घड उतरवलेले केळीचे चार खांब ट्रॉलीत टाकून आणले होते. उघड्या खांबावर वस्तादांनी एक वार केला आणि वरचा तुकडा जागेवरून घसरून पडला. बघायला भारी वाटतं, पण केळीचा खांब म्हणजे पाण्याने भरलेल्या पदरांची गुंडाळी, घरातल्या विळ्यानेही तो तुटतो. त्यावरून तलवारीचं कौतुक करणाऱ्यांनी जरा थांबावं. मग दुसऱ्या खांबाला गादी बांधली आणि तोच हात, तसाच वार. धप्प आवाज झाला, तलवार थांबली. गादी सोडून थर मोजले. वरचे तीन कापलेले, चौथ्यावर पांढरट रेघ, खाली काहीच नाही. पाच वारांत सगळ्यात वाईट निकाल चार थरांचा. मात्र गादीखालचा खांब दोन बोटं दबून पाणी गाळत होता. म्हणजे कातडी वाचली तरी बरगडीचं काही खरं नाही. वस्ताद मनगट चोळत म्हणाले, "हे कापायचं नाही रे, हे खुपसायचं काम आहे." (केळीचा चीक पात्यावर वाळू देऊ नका. आमचं पातं तासाभरात काळं पडलं आणि माझा शर्ट कायमचा गेला.)

तर मग खुपसणं. टोकं तीन. पहिलं रुंद, तलवारीच्या शेंड्यासारखं थोडं वळलेलं. दुसरं कट्यारीचं, सरळ आणि अरुंद, मधोमध शीर ठेवून टोकाशी जाड केलेलं. जुन्या कट्यारींची टोकं अशी मुद्दाम जाड करत, चिलखताच्या कड्यांत शिरताना वाकू नयेत म्हणून. ही दोन्ही ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून काढली, तेलात पाणी दिलं (म्हणजे तापवून तेलात बुडवून कडक केली) आणि घरच्या ओव्हनमध्ये थोडी नरमवली. ओव्हनबद्दल घरी अजून सांगितलेलं नाही. तिसरं टोक ठरलेलंच नव्हतं. जिनिंगवर गोण्या शिवणारा एक ओळखीचा हमाल चहाला आला होता. त्याच्या कमरेला दाभण होतं. म्हटलं, दे बरं जरा.

गादीच्या मागे आधी शाडू होता, गणपतीचा उरलेला. मे महिन्यात पत्र्याखाली शाडूचं काय होणार! दुपारी लावला, संध्याकाळी शेताच्या भेगा. एकाच टोकाचे सकाळ-संध्याकाळचे आकडे दुप्पट वेगळे यायचे. आता चपलांच्या तळव्यासाठी वापरतात ते ३ मिलिमीटरचे फोमचे पत्रे एकावर एक ठेवतो आणि दोन पत्र्यांमध्ये वर्तमानपत्राचा कागद. किती कागदांना भोक पडलं ते मोजायचं आणि तीनने गुणायचं. दोन कागदांपर्यंत पास.

२३ ज्यूलला प्रत्येक टोकाचे पाच-पाच फटके मारले. पाच आकडे क्रमाने लावून मधला तेवढा देतो. रुंद टोक ४ कागद, म्हणजे १२ मिलिमीटर. कट्यारीचं टोक ९ कागद, २७ मिलिमीटर. आणि दाभण? २० कागद. ६० मिलिमीटर बाहेर ठेवलं होतं, ते सगळं आत गेलं आणि दांडा गादीवर आपटला. चौथ्या फटक्याला ते वाकलं, पाचवा सरळ करून मारला.

माझा हेल्पर धरणगावकडचा. तो गादी उलटीसुलटी करून म्हणाला, "भो, बंदुकनी गोयी थांबस आन् दाभण थांबत नही? मंग हाई कसानं जाकीट?"

त्याचा प्रश्न मी दोन रात्री घोळवला. ९ मिलिमीटरची गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास. ऊर्जा ६४० ज्यूल. माझं दाभण २३ ज्यूलचं. अठ्ठावीस पट कमी असूनही आरपार! म्हणजे ज्यूल बघून काही कळत नाही, आणि इतके महिने मी ज्यूलच बघत होतो. गोळी शिशाची, वर तांब्याचं पातळ आवरण. कापडावर आपटली की ती बत्ताशासारखी पसरते. पसरली की खूप धागे तिला एकदम धरतात, प्रत्येक धागा लांबवर ताण ओढून नेतो आणि थरामागून थर कामाला लागतो. पोलादाचं टोक पसरत नाही. त्याच्या वाट्याला दोन-चार धागेच येतात. पात्याचं टोक ते कापतं आणि मागून येणारी धार चीर वाढवते. दाभण तर धागा तोडतच नाही, ताणा-बाणा बाजूला सारून मधून जातं, गोणीत जातं तसंच. भोक मी भिंगाखाली पाहिलं. तुटलेला धागा जवळजवळ नाही, सगळे नुसते सरकलेले. नखाने दाबले तर भोक बुजतं!

याचाच दुसरा पुरावा मिळाला तो चुकून. एक गादी धुतली होती आणि ओलीच पाइपाखाली ठेवली गेली. कट्यारीचं टोक ९ वरून ११ वर गेलं. एकाच फटक्याचा आकडा आहे, फार मनावर घेऊ नका. पण ओले धागे एकमेकांवरून जास्त घसरतात हे पटण्यासारखं आहे. एक पट्टी पत्र्यावर उन्हातही टाकली आहे. ॲरॅमिडला ऊन सोसत नाही. तीन आठवड्यांत पिवळ्याचा रंग गुळासारखा झालाय. ती पावसाळ्याआधी तपासेन.

म्हणजे धागे सरकू द्यायचे नाहीत. २४ पैकी वरचे ८ थर इपॉक्सीने चिकटवायचं ठरवलं. पहिला वाडगा वाया गेला. ४३ अंशांच्या दुपारी इपॉक्सी कालवलं आणि ब्रश शोधेपर्यंत वाडग्यातून धूर यायला लागला. इथे हे काम पहाटे पाचलाच करावं आणि पसरट ताटात करावं, खोलगट भांड्यात अजिबात नको. दुसऱ्या खेपेला जमलं. निकाल : रुंद टोक १ कागद, कट्यार ३, दाभण ५. केवढा फरक! पण रुंद टोक सोडलं तर अजूनही नापास, आणि गादी आता पाटासारखी कडक झालीय. अंगाला बसेल का, हा वेगळा प्रश्न.

३ मिलिमीटरचा साधा लोखंडी पत्राही लावून पाहिला. ४३ ज्यूलला कट्यारीचं टोक वळून गोळा झालं, पत्र्याला खळगा. लिहिण्यासारखं आणखी काही नाही.

पुढची पायरी कड्यांची. भोसकण्यापासून वाचवणाऱ्या काही जाकिटांत आजही बारीक पोलादी कड्यांची जाळी असते, हे कळलं तेव्हा मी एकटाच हसलो. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखानाचा वार महाराजांनी अंगरख्याखालच्या चिलखतावर झेलला, त्याच जातीची ही वस्तू. ॲरॅमिड मागे आणि कडी पुढे, असं करायचंय. ६ मिलिमीटरच्या कड्या तारेच्या गुंडाळीतून कापतोय, प्रत्येकीचं तोंड वेल्डिंगच्या टाक्याने बंद करायचं. टाका न मारलेली कडी कट्यारीपुढे उघडणारच. वीतभर चौकोनासाठी हजारावर कड्या लागतील असं दिसतं. काल रात्रीपर्यंत १८४ झाल्या. हमाल दाभण परत मागायला दोनदा येऊन गेला, त्याला नवीन घेऊन दिलं.