आधी दूध मोजलं, मग घास

माझी लेक सव्वादोन वर्षांची होईपर्यंत आमच्याकडे जेवण म्हणजे रोजची झटापट होती. वाटीभर वरणभात संपायला पाऊण तास. चिऊचा घास, काऊचा घास करून झालं, गॅलरीत येणाऱ्या खऱ्या कावळ्यालाही कामाला लावून झालं. शेवटी मोबाइलवर कार्टून लावायचं आणि तिची नजर तिकडे खिळली की घास कोंबायचा. कोंबायचा हाच शब्द बरोबर आहे. मग घास गालात धरून ती दहा-दहा मिनिटं बसायची. भाजीचा हिरवा कण आला तर तेवढाच जिभेने नेमका बाहेर.

खोकल्यासाठी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी नेहमीचं रडगाणं लावलं, "काही म्हणजे काही खात नाही हो." त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी जरा ओढून पाहिली आणि विचारलं, "दूध किती पिते?"

मी बोटांवर मोजलं. सकाळी उठल्यावर, दुपारी झोपताना, चारला, रात्री, शिवाय पहाटे एक. २०० मिलीच्या पाच बाटल्या, तेही म्हशीचं दूध.

"लिटरभर दूध पिणारं मूल उपाशी कुठे आहे?" डॉक्टर म्हणाले.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.१. या वयाला ११ तरी हवं. दुधात कॅल्शियम भरपूर, पण लोह जवळपास नाहीच. आणि पोट त्यानेच भरलं की भूक लागणार कधी? लोहाचं औषध सुरू झालं आणि दूध दिवसाला ४०० मिलीवर आलं, तेही कपातून. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, म्हणून भूकही आपसूक कमी होते, हेही तेव्हाच कळलं. वर्षभर आधी कळतं तर माझं निम्मं रक्त आटलं नसतं.

असं हिमोग्लोबिन कमी असणं म्हणजेच पंडुरोग (अ‍ॅनिमिया), आणि तो गरिबाघरचा प्रश्न, असं मी धरून चालले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के मुलं त्यात निघालीत. एवढ्या मोठ्या आकड्यात खात्यापित्या घरातली लेकरंही असणारच. एक तर आमच्याकडेच होतं.

पहिला आठवडा वाईट गेला. पहाटे बाटलीसाठी रडून तिने अख्खं घर उठवलं. सासूबाईंना तर हे पटलंच नव्हतं. "दूध तोडायचं? अगं, लेकराचं तोंड सुकलंय!" चौथ्या दिवशी मिक्सरच्या मागे ओली बाटली सापडली. मी काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. बाटली मात्र त्यानंतर दिसली नाही.

आणि वाट सापडली ती त्यांच्यामुळेच. त्या थालीपीठ थापत होत्या. भाजणी, बारीक चिरलेली मेथी, ओलं फडकं. बोट बुडवून मध्ये भोक पाडलं तशी लेक मांडीवर चढली, "मी!" तिने एकाऐवजी पाच भोकं पाडली. थालीपीठ तव्यावरून उतरून कोमट झालं, तिच्या ताटलीत आलं. तिने आधी आपली भोकं शोधली, एकात बोट घातलं, ओढलं, तुकडा निघाला आणि तोंडात गेला. मेथीसकट. मी "शाब्बास" म्हणायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी डोळ्यांनीच दटावलं. लक्ष गेलं असतं तर तिने तिथेच थुंकलं असतं.

तेव्हापासून भरवणं बंद. ताटात काय आणि कधी, ते मी ठरवते. किती खायचं, ते ती. सांगायला सोपं आहे. दोन घास खाऊन ती उठून जाते आणि पुढच्या वेळेपर्यंत बिस्किट द्यायचं नाही, तेव्हा आईच्या जिवाचं काय होतं ते आईलाच ठाऊक. मोबाइल आमच्याही ताटाजवळून गेला, त्यावर नवऱ्याने जास्त कुरकुर केली. वरणावर लिंबू ती स्वतः पिळते. लिंबाने वरण-भाजीतलं लोह अंगाला जास्त लागतं, आणि तिला पिळायला मिळतं. अर्धं टेबलावर सांडतं.

दुधी मी रोज एकच फोड वाढायची. तिने ती ढकलली, दाबली, चाटली, थुंकली. दहा-बारा वेळा तरी वाया गेली असेल. मग एका दुपारी सहज खाऊन टाकली आणि "अजून" म्हणाली. पातेल्यात नेमकी उरली नव्हती.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.८ आलं. औषध अजून चालू आहे. भेंडीशी मात्र समेट नाही. परवा तिने आपल्या ताटातली भेंडी एकेक उचलून बाबाच्या ताटात मोजून ठेवली. एक, दोन, सात, दहा.