६१ नंबरचा रस्ता आणि दादाची खंजिरी

शनिवार, मेम्फिस

पहाटे चारला शिकागोहून निघालो. दादाने आधी खंजिरीची पिशवी पायाशी नीट ठेवली, मग सीटचा पट्टा लावला. वहिनीने त्याचे दोन सदरे कमी करून तिच्यासाठी बॅगेत जागा केली होती म्हणे. गावच्या गुरुदेव सेवा मंडळात तो तीस वर्षं खंजिरी वाजवतो. सामुदायिक प्रार्थना चुकली तर त्याचा दिवस लागत नाही.

मी शिकागोजवळ एकवीस वर्षं राहते. तिथल्या क्लबांत ब्लूज, म्हणजे काळ्या लोकांची सुखदुःखाची गाणी, ऐकत आले, पण ते जिथून निघालं तो मुलूख पाहायचा राहून गेला होता. गेल्या शतकात लाखो काळी माणसं मिसिसिपीतली कापसाची शेतं सोडून इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या गाडीत बसली आणि शिकागोला उतरली. आम्ही त्याच वाटेने उलटे निघालो. दादा कापूस पिकवणारा, मी कापसाच्या पैशावर शिकलेली. एप्रिल संपत आला होता, दक्षिणेत उत्सवांचे दिवस होते आणि दादाला पेरणीआधी परत जायचं होतं. त्यामुळे सुट्टीचं फार मोजमाप केलं नाही.

दुपारी स्टॅक्स या जुन्या रेकॉर्ड कंपनीचं संग्रहालय पाहिलं. जिम स्टुअर्ट आणि त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी मॅकलमोर अव्हेन्यूवर एका जुन्या चित्रपटगृहात रेकॉर्डिंग सुरू केलं. दोघांच्या आडनावांतली पहिली दोन-दोन अक्षरं जोडून कंपनीचं नाव ठेवलं. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच राहू दिला, आणि त्या तिरप्या खोलीत आवाजाला वेगळंच गहिरेपण आलं. थिएटरच्या खाऊच्या काउंटरवर एस्टेलने रेकॉर्डचं दुकान टाकलं. वस्तीतल्या पोरांना नवं गाणं वाजवून दाखवायची आणि त्यांचे पाय हलतात का ते बघायची. स्टुडिओतले कायमचे चार वादक, त्यातले दोन काळे आणि दोन गोरे. बाहेरच्या शहरात तेव्हा एका टेबलाशी बसून जेवणंही त्यांना अवघड होतं. मूळ इमारत १९८९ मध्ये पाडली गेली. २००३ मध्ये त्याच जागेवर तशीच पुन्हा उभारली.

रेकॉर्डिंगचं यंत्र घेण्यासाठी एस्टेलने राहतं घर गहाण ठेवलं होतं, हे मी वाचून दाखवलं. दादा पुढच्या दालनात गेला, परत आला आणि म्हणाला, "बहिणीनं घर गहाण टाकलं?" मी हो म्हटलं. मी अमेरिकेला शिकायला आले तेव्हा त्याने दोन एकर विकले होते. तो विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

रविवार, मेम्फिस

सकाळी एका छोट्या चर्चमध्ये गेलो. दारातच एका आजींनी दादाचे दोन्ही हात हातात घेतले आणि पुढच्या बाकावर नेऊन बसवलं. ड्रम होते, ऑर्गन होता, पण खरी लय बाकांवरून येत होती. बायकांनी आपापल्या पर्समधून टॅंबोरिन काढले.

"ह्या त आपल्या खंजिऱ्याच व्हय ना वं!" दादा मोठ्याने बोलला, आणि कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही, कारण तिथे सगळेच मोठ्याने बोलत होते. पाद्री एक वाक्य म्हणायचा आणि लोक त्याला उत्तर द्यायचे. बोलता बोलता त्याचा आवाज कधी सुरात गेला ते कळलं नाही. ऑर्गनवाला त्याच्या श्वासाच्या जागा भरत होता. दादा मांडीवर ठेका धरून बसला होता. डोळे मिटलेले नव्हते. मागच्या बाकावरच्या बाईच्या मनगटाकडे तो एकटक बघत होता.

दुपारी लॉरेन मोटेल. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांना इथेच गोळी लागली. शहरातल्या सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला ते आले होते. ३०६ नंबरच्या खोलीबाहेरच्या कठड्याला आता कायम पुष्पचक्र असतं. काळ्या वादकांना दुसरीकडे खोली मिळत नसे, म्हणून ते इथेच उतरायचे. स्टॅक्सच्या मंडळींनी इथल्या खोल्यांत बसून गाणी बांधली. ज्या गच्चीवर पोहण्यानंतर गप्पा रंगत असतील, तिथलं ते पुष्पचक्र बघवत नव्हतं. आम्ही फार वेळ थांबलो नाही.

सोमवार, क्लार्क्सडेल

६१ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेकडे. मेम्फिस मागे पडलं की जमीन एकदम सपाट होते, चढ नाही आणि उतारही नाही. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळपट शेतं आणि त्यावर मोठं आभाळ. दादाने गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला उतरून एक ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं, वास घेतला.

"माती त आपलीच व्हय. पण माणूस काहून दिसत नाही वं?"

लांबवर एक पेरणीयंत्र चाललं होतं, आमच्या गावातल्या चार वावरांइतक्या रुंदीचं. त्यात एक जण बसला होता. बाकी नजर जाईल तिथपर्यंत कुणी नाही.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर क्लार्क्सडेलजवळच आहे. हॉप्सन नावाच्या मळ्यावर १९४४ मध्ये पेरणीपासून गठ्ठा बांधेपर्यंत कापसाचं सगळं पीक यंत्रांनी काढलं गेलं. त्याआधी हेच काम हजारो हातांचं होतं. गुलामी कायद्याने संपली तरी जमीन मालकाचीच राहिली. बी त्याचं, वर्षभराचं धान्य त्याच्याच दुकानातून उधारीवर, आणि हंगामाला अर्धा कापूस देऊन हिशेब केला की कुळाच्या नावावर कर्ज उरायचं. हे मला दादाला समजावून सांगावं लागलं नाही. "बटईचं वावर अन् सावकाराचं दुकान," तो म्हणाला.

डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये ब्लूजचा मोठा गायक मडी वॉटर्स जिथे राहायचा ते लाकडी घर ठेवलंय. स्टोव्हॉल मळ्यावर तो काम करायचा. १९४१ मध्ये लोकगीतं गोळा करणारा ॲलन लोमॅक्स लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी रेकॉर्डिंग करत तिथे पोचला. स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकल्यावर मडीला आपण गायक असल्याची खात्री पटली, आणि दोन वर्षांनी तो शिकागोची गाडी पकडून निघून गेला. मी ज्या संगीतावर इतकी वर्षं जीव टाकला, ते या एवढ्याशा खोलीतून निघालं होतं. मी लाकडाला हात लावला नाही, पण अगदी जवळ उभी राहिले.

चौरस्त्यावर ब्लूजचा गिटारवाला रॉबर्ट जॉन्सनने सैतानाला आत्मा विकला, ही गोष्ट इथे सगळ्यांना सांगतात. मला ती आवडत नाही. सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्या माणसाने २९ गाणी मागे ठेवली, ती त्याच्या बोटांची कमाई आहे. ती सैतानाच्या नावावर का टाकायची?

रात्री एका ज्यूक जॉइंटमध्ये, म्हणजे गाण्या-नाचाच्या छोट्या गुत्त्यात, बसलो. बसकं छत, लाल दिवे, कोपऱ्यात बिअरचा फ्रिज, दहा-बारा माणसं. एक म्हातारा गिटारवाला आणि एक ड्रमवाला. ओळ एकदा म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. प्रत्येक ओळीनंतर गिटार तिला जबाब देते. दादाला शब्द कळत नव्हते, पण तिसरी ओळ कधी येणार हे अर्ध्या तासात कळायला लागलं. ती यायच्या आधीच तो मान डोलवायचा.

बुधवार, लाफायेत

काल दिवसभर गाडीच होती. पाऊस, मिसिसिपी नदीचे बांध, व्हिक्सबर्गला थोडा वेळ. दादा माळकरी, त्यामुळे या प्रवासात त्याच्या ताटात मक्याची भाकरी म्हणावी असा कॉर्नब्रेड, रताळं आणि तळलेली भेंडी. भेंडी मात्र प्रत्येक खानावळीत. आफ्रिकेतून गुलामांबरोबर ती इथे आली. लुइझियानाच्या गंबो या दाट रश्श्याचं नावच भेंडीच्या आफ्रिकी नावावरून पडलंय.

व्हिक्सबर्गच्या टेकडीवर मी दादाला एक गोष्ट सांगितली. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. इथला कापूस इथेच अडकला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या, तेव्हा इंग्रजांनी वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला हात घातला. मुंबईत पैशांचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईचे सट्टेवाले रातोरात बुडाले. आपल्याकडे ज्वारीच्या जागी कापूस वाढत गेला, त्यात या नदीचाही हात आहे. दादा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आपला भाव तवापासूनच दुसऱ्याच्या हातात."

लाफायेतला मात्र मन मोकळं झालं. फेस्टिव्हल इंटरनॅशनल हा संगीताचा उत्सव १९८७ पासून भरतो. शहराच्या मधोमध रस्ते बंद करतात, तिकीट नाही. इंग्रजांनी १७५५ मध्ये कॅनडातल्या अकेडियामधून हाकललेले फ्रेंच लोक पुढे इथे दलदलीत येऊन वसले, ते केजन. त्यांचा ॲकॉर्डियन आणि काळ्या क्रिओल शेतकऱ्यांचा ताल यांतून झायडेको नावाचं नाचाचं संगीत उभं राहिलं. त्यात एक जण छातीवर पन्हाळी पत्र्याचं कवच घालतो आणि बाटलीच्या ओपनरने ते खरवडतो. झायडेकोचा ॲकॉर्डियनवाला क्लिफ्टन शेनियेने १९४६ मध्ये ते एका कारागिराकडून बनवून घेतलं. त्याआधी कपडे धुण्याची फळीच वाजवत.

इथे कुणी गाणं नुसतं ऐकत नाही. सत्तरीच्या बाईने मला ओढून नाचायला नेलं. पाय कसा टाकायचा हे तिने तिच्या हाताच्या दाबाने शिकवलं. मग कागद अंथरलेल्या टेबलावर वाफाळती क्रॉफिश (गोड्या पाण्यातली झिंग्यासारखी जात), मका, बटाटे. मी तिखटाने घामाघूम. दादाला खाण्यापेक्षा शेतीत रस. भात कापला की त्याच वावरात पुन्हा पाणी सोडतात, क्रॉफिश धसकटावर वाढते आणि वसंतात पिंजरे लावून काढतात. एका वावरात दोन उत्पन्नं. त्याने एका विक्रेत्याला माझ्यामार्फत वीस प्रश्न विचारले.

शुक्रवार, न्यू ऑर्लीन्स

जॅझ फेस्ट. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर १९७२ पासून. डझनावर मंच एकाच वेळी सुरू असतात, म्हणजे काहीही ऐकलं तरी काहीतरी हुकतंच. मी सकाळी यादी केली होती, दुपारी फेकून दिली. दादा गॉस्पेलच्या, म्हणजे चर्चमधल्या भजनांच्या, तंबूतून हलेना. मी आपली खाण्याच्या रांगा करत आले: क्रॉफिश घातलेला पाव, मंद भाजलेल्या डुकराच्या मांसाचा पो-बॉय, म्हणजे लांब पावाचं सँडविच. दादासाठी आंब्याचं बर्फ. ते त्याने दोनदा मागितलं.

संध्याकाळी मार्डी ग्रा इंडियन्सची मिरवणूक मैदानातून गेली. मार्डी ग्रा म्हणजे इथला कार्निव्हल. काळ्या वस्त्यांतले पुरुष वर्षभर रात्री बसून मणी आणि पिसांचा पोशाख हाताने शिवतात. दरवर्षी नवा. आणि त्यांच्या हातात काय? खंजिऱ्या! दादाने माझा दंड इतक्या जोरात धरला की अजून दुखतोय.

रविवार, न्यू ऑर्लीन्स

सकाळी चिकोरीची, म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ मिसळलेली, कॉफी. युद्धातल्या त्याच नाकेबंदीत कॉफी मिळेना, तेव्हा इथे चिकोरी मिसळायची सवय पक्की झाली. तिकडे आमच्या वऱ्हाडात कापूस वाढला, इकडे कपात चिकोरी आली. दादाने कप फिरवून फिरवून पाहिला.

दुपारी काँगो स्क्वेअर. गुलामांना इथे रविवारी दुपारी जमायची मुभा होती. १८१७ पासून तर नगराने सगळ्या शहरात हीच एक जागा ठेवली. बाजार भरायचा, ढोल वाजायचे, प्रत्येक जमातीचा वेगळा घोळका असायचा. ओकच्या झाडांखाली आजही रविवारी ढोलवाले जमतात. आम्ही कडेला बसलो. दादाने पिशवी उघडली नाही, फक्त मांडीवर घेतली. शेवटी एका ढोलवाल्यानेच पिशवीकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या.

पहिली काही आवर्तनं त्याला जागा सापडली नाही. मग त्याने वाजवणं थांबवलं, ऐकलं, आणि मंडळात म्हणतात तसा हलका ठेका धरला. ढोलवाला हसला नाही, मान हलवली आणि त्याच्यासाठी आवाज थोडा खाली आणला. तासभर ते चाललं. माझा फोन खिशातच राहिला, मला रेकॉर्ड करायचं सुचलं नाही.

रात्री वहिनीला फोन लावला, तिकडे सोमवारची सकाळ. नांगरटी झाली होती, बियाणं कोणतं घ्यायचं ते विचारत होती. दादाने तिला काळ्या मातीचं सांगितलं, पेरणीयंत्राचं सांगितलं, चर्चमधल्या बायकांचं सांगितलं. स्वतः वाजवल्याचं मात्र काही बोलला नाही. मग मी त्याच्या हातून फोन घेतला आणि वहिनीला सगळं सांगितलं.