चढ लागेपर्यंत

रविवारी पहाटे पावणेसहाच्या सुमारास बेळगावच्या टिळकवाडीतल्या दुसऱ्या रेल्वे गेटापाशी आम्ही सात-आठ जण जमतो, तेव्हा कोणी कोणाची प्रकृती विचारत नाही. आधी सायकलीची विचारपूस होते. दुसऱ्याचा टायर अंगठ्याने दाबून पाहण्याचा हक्क आमच्यात प्रत्येकाला आहे आणि दाबून झाल्यावर मान हलवण्याचाही आहे. ती मान कोणत्या दिशेला हलते यावर पुढच्या दहा किलोमीटरांचा विषय ठरतो. या मंडळींबरोबर नऊ वर्षे पायडल मारल्यावर माझी एक खात्री झाली आहे, की सायकलस्वाराचे मत त्याच्या डोक्यात नसून छातीच्या भात्यात असते. सपाटीवर त्याला मराठी शाळांपासून मान्सूनपर्यंत सर्व विषयांवर ठाम मते असतात. चढ लागला की ती एकेक करून गळतात आणि माथ्यावर तो पोहोचतो तेव्हा त्याच्याकडे पाण्याच्या बाटलीखेरीज दुसरा विचार नसतो.

टायरपासूनच सुरुवात करतो, कारण आमच्याकडे तीच होते. बँकेतून निवृत्त झालेले आमचे काका टायर दगडासारखा कडक हवा या मताचे आहेत. त्यांनी गिअरची पहिली सायकल घेतली तेव्हा रेसिंग सायकल म्हणजे २३ मिलिमीटरचा करंगळीएवढा टायर आणि त्यात १२० पौंड हवा, असे समीकरणच होते, आणि ते त्यांनी मुदत ठेवीसारखे जपून ठेवले आहे. इंजिनिअरिंगला असलेला आमच्यातला सर्वांत धाकटा मात्र ३२ मिलिमीटरचे टायर साठ-पासष्ट पौंडांवर चालवतो. त्याचे म्हणणे असे, की खडबडीत रस्त्यावर कडक टायर उडतो, त्याच्याबरोबर सायकल उडते आणि सायकलीबरोबर माणूस. त्या उडण्यात जी शक्ती वाया जाते ती नरम टायर खड्डा गिळून वाचवतो. मोठमोठ्या शर्यतींतले स्वारही आता २८-३० मिलिमीटरच्या खाली सहसा जात नाहीत. हे खरे आहे, आणि काकांनाही ते मनातून पटलेले आहे, असा मला दाट संशय आहे. कारण गेल्या पावसाळ्यानंतर जांबोटीच्या रस्त्याची जी अवस्था होती, त्यात त्यांनी एकदा हळूच थांबून, आम्ही पुढे गेलो असे समजून, फुस्स करून थोडी हवा सोडलेली मी वळणावरून पाहिली. मी ते कोणाला सांगितले नाही. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा १२० पौंडांची बाजू मांडली.

उद्यमबागेत लेथवर काम करणारा आमचा एक सोबती आहे, आणि त्याची मते वेगळ्या जातीची आहेत, कारण ती मोजलेली असतात. चेन झिजली की नाही हे इतर जण ती बोटाने उचलून ठरवतात. हा गडी लांब व्हर्निअर घेऊन येतो. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणून चोवीस अंतरे मिळून बरोबर बारा इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरायला हवीत. "दीड मिलिमीटर वाढली की चेन गेली समजायचं," असे तो सांगतो, "नाय बदललीस तर मागचे सगळे दाते खाऊन टाकते बघ. मग चेनसंगट फ्रीव्हीलबी घ्यायची, आणि मला शिव्या द्यायच्या." वास्तविक चेन ताणली जात नाही, आतल्या पिना आणि त्यांच्याभोवतीचा भाग झिजून एकेका जोडात सुतभर ढील येते, आणि त्या सगळ्या सुतांची बेरीज म्हणजे हा दीड मिलिमीटर. त्याने हे समजावल्यापासून मी चेनला तेल घालण्यापूर्वी ती पुसू लागलो. आमच्या तांबड्या मातीची धूळ तेलात कालवली की ती पॉलिशपेपरसारखी काम करते आणि आपण तेल घालून पुण्य केले असे समजत राहतो.

शहापूरच्या मिस्त्रींचे मत मात्र कानात असते. चाकाचा आउट काढताना ते एकेक तार बोटाने छेडतात आणि आवाजावरून कुठली सैल आहे ते ओळखतात. जुन्या सायकलीची पूर्ण खोल-जोड करून देण्याला ते 'ओव्हरऑइल' म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द निराळा आहे हे मला माहीत आहे, पण सगळे छर्रे काढून, रॉकेलमध्ये धुऊन, नवे ग्रीस भरून देणाऱ्या कामाला हाच शब्द अधिक शोभतो. डिस्क ब्रेकची सायकल आली की ते हात पुसतात आणि "हे आपलं काम न्हवं" म्हणतात. त्यांच्याबद्दल आदर राखूनही या एका बाबतीत मी डिस्कच्या पक्षाचा आहे. जूनपासून आमच्याकडे जो पाऊस लागतो त्यात ओल्या रिमवर रबराचे ठोकळे आधी पाणी पुसतात आणि मग पकड घेतात. आंबोलीचा घाट उतरताना त्या मधल्या क्षणात माणसाला आपल्या विम्याचे हप्ते आठवतात. मडगार्डविषयी सांगायचे तर आपल्या मागच्या मडगार्डबद्दल मत असण्याचा अधिकार आपल्याला नसतोच, तो आपल्या मागून येणाऱ्याचा असतो.

वजनाचा वाद मला सर्वांत करमणुकीचा वाटतो. आमच्यातल्या एका प्राध्यापकांनी कार्बनची फ्रेम घेतली, तेव्हापासून ते ग्रॅममध्ये बोलतात. आंतरराष्ट्रीय शर्यतींत सायकलीचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी असू नये असा नियम आहे हे त्यांच्याकडूनच आम्हाला कळले, आणि त्या नियमाचा भंग आपल्या हातून होईल की काय अशी चिंता त्यांच्या बोलण्यात असते. मी एकदा कागदावर हिशेब मांडला. माणूस ७५ किलोचा आणि सायकल १० किलोची, मिळून ८५. त्यातला एक किलो कमी केला तर सव्वा टक्क्याच्या आसपास ओझे घटते. म्हणजे अर्ध्या तासाच्या खड्या चढाला ढोबळमानाने वीस सेकंद वाचतात. त्या वीस सेकंदांसाठी सरांनी जी रक्कम मोजली ती येथे लिहीत नाही, कारण हा लेख त्यांच्या घरीही वाचला जाईल. वाचलेला किलो ते परतीच्या वाटेवर पुरी-भाजी आणि वर कुंदा घेऊन भरून काढतात, आणि त्या वेळी कोणीही ग्रॅम काढू नयेत असा अलिखित ठराव आहे.

प्रकृतीच्या बाबतीत घड्याळांनी आमचे फार नुकसान केले. पूर्वी माणूस दमला की दमत असे. आता तो मनगटाकडे बघून ठरवतो. २२० मधून वय वजा केले की हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा मिळते, हे सूत्र प्रत्येकाला पाठ असते, आणि त्याप्रमाणे अठ्ठावन्न वर्षांच्या काकांची मर्यादा १६२ येते. राजहंसगडाच्या चढावर त्यांच्या घड्याळाने १६६ दाखवले, तेव्हा ते येळ्ळूरच्या बाजूला तोंड करून एका दगडावर बसले आणि आता आपण हिशेबाप्रमाणे असायला नको, असे म्हणाले. सूत्र मुळातच ढोबळ आहे; २००१ साली सुचवले गेलेले दुसरे सूत्र वापरले, म्हणजे वयाला ०.७ ने गुणून ते २०८ मधून वजा केले, तर मर्यादा १६७ वर जाते. आणि तीही सरासरीच, माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. हे ऐकून काका उठले. एका ठोक्याचे का होईना, शिल्लक आहे म्हटल्यावर बँकेतल्या माणसाला धीर येतो.

आमचे निवृत्त सुभेदार घड्याळ बांधत नाहीत. त्यांची सगळी नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत गेली आणि शरीराची परीक्षा त्यांनी एकाच प्रश्नावर आणून ठेवली आहे. ते शेजारी येतात आणि "काय करूलास गा?" एवढेच विचारतात. पूर्ण वाक्यात उत्तर आले तर ठीक चालले आहे. दोन-तीन शब्दांवर आले तर जोर लागतो आहे. नुसती मान हलली तर गिअर उतरव. व्यायामशास्त्रातही हीच कसोटी मान्य आहे: बोलता येते पण गाता येत नाही, तो मध्यम श्रम. सुभेदारांना ती पुस्तकातून मिळालेली नाही. त्यांच्या प्रश्नाचा दुसरा उपयोग असा, की वाद फार पेटला की ते मुद्दाम पुढे जाऊन वेग वाढवतात. पाच मिनिटांत सगळे एकमताचे होतात.

कारण वाद पेटतात ते सपाटीवर, आणि वेंगुर्ला रस्त्यावर सपाटी बरीच आहे. हिंडलग्याच्या तुरुंगाची भिंत मागे पडली की राजकारण सुरू होते, हा क्रम इतका नेमका आहे की त्यामागे काही तरी असावे. २०२५ च्या सप्टेंबरची २२ तारीख त्या रस्त्यावर फार वेळा निघाली, कारण त्या दिवसापासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आणि मी माझी नवी सायकल ऑगस्टमध्ये घेतली होती. चाळीस हजारांवर सात टक्के म्हणजे २८०० रुपये, हे मला काकांनी हिशेब करून सांगितले, आणि सुळग्यापर्यंत पुन्हा दोनदा सांगितले. सायकलीवर कर असावाच कशाला, यावर मात्र आमचे दुर्मीळ एकमत आहे. सोनीपतच्या अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला, नेमका जागतिक सायकल दिनी थांबला, तेव्हा लेथवाला सोबती दोन रविवार नीट बोलला नव्हता. त्याच्या वडिलांची अॅटलस अजून त्याच्या घरी आहे.

कणकुंबीला गेलो की म्हादईचा वाद निघतो. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते, म्हादईचे पाणी पश्चिमेला गोव्यात जाते, आणि एकीचे पाणी दुसरीत वळवावे की नाही यावर २०१० साली नेमलेल्या लवादाने २०१८ मध्ये निवाडा देऊन कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी दिले, तरी प्रश्न मिटलेला नाही. आमचा तर मुळीच मिटलेला नाही. पण चाळीसेक किलोमीटर पायडल मारून तिथे पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे कोणी बोलत नाही. सगळे पाणीच पीत असतात. चहाचा दुसरा घोट पोटात गेल्यावर मग कोणाला तरी लवाद आठवतो.

बाची सोडले की शिनोळी येते आणि महाराष्ट्र लागतो. पाट्यांवरची लिपी बदलते, एसटीचा रंग बदलतो. दोन राज्यांत तणाव वाढला की दोन्हीकडच्या बसगाड्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे थांबतात, आणि मोटारवाले नंबर प्लेटकडे पाहून, केए-२२ घेऊन पुढे जावे की नाही, याचा विचार करू लागतात. सायकलीला नंबर प्लेट नाही. ती कोणत्या राज्याची हे तिच्याकडे पाहून ओळखता येत नाही, आणि स्वाराने तोंड उघडेपर्यंत त्याचेही ओळखता येत नाही. तोंड उघडल्यावर आमच्या मराठीतले 'करूलास' ऐकून पलीकडचा चहावाला हसतो, ते वेगळे.

कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या मुलींना आणि मुलांना मोफत सायकली दिल्या, त्या सीमाभागातल्या मराठी शाळांतही आल्या. कित्येक मुली त्यांवर बसून हायस्कूलला गेल्या. मुली सासरी गेल्यावर त्या सायकली बापांनी घेतल्या. उचगावच्या फाट्यावर सकाळी एक शेतकरी अशाच एका सायकलीवर वैरणीचा भारा घेऊन जाताना दिसतो. त्याच्या टायरमध्ये किती पौंड हवा आहे हे विचारण्याचे धाडस आमच्यातल्या कोणीही केलेले नाही. दोघे-दोघे जोडीने चाललेलो आम्ही त्याला वाट देण्यासाठी एका रांगेत येतो आणि तेवढा वेळ चर्चा थांबते.

एक सकाळ वर्षात अशी येते, की सायकल हेच मत असते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून १ नोव्हेंबरला इथला मराठी माणूस काळा दिवस पाळतो आणि निषेधाची सायकल फेरी निघते. आमच्या मेळाव्यातला एक जण कन्नड आहे. मराठी आमच्याइतकेच सफाईने बोलतो, फक्त आकडे कन्नडमध्ये मोजतो. त्या दिवशी तो कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीला चन्नम्मा चौकात असतो. आदल्या रविवारी निरोप घेताना आम्ही त्याला "एक तारखेला काय?" असे विचारत नाही आणि तोही विचारत नाही.

गेल्या फेरीला प्राध्यापकांनी कार्बनची सायकल घरी ठेवली. फेरीचा वेग इतका मंद असतो, की वजनाचा तिथे काही उपयोग नसतो, आणि शिवाय स्टँड नसलेली सायकल सभेच्या वेळी टेकवायची कुठे, हाही प्रश्न असतो. लेथवाल्या सोबत्याने वडिलांची अॅटलस काढली होती. काळा सदरा, दंडाला काळी फीत, कॅरिअरवर शेजारचा मुलगा. संभाजी उद्यानापासून निघालेली रांग गल्ल्यांतून सरकत होती. जुनी मंडळी हिला मूक फेरी म्हणतात, पण घोषणा व्हायच्या त्या होतातच. त्या दोन घोषणांच्या मध्ये मला पुढून एक आवाज येऊ लागला: पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, कुई, कुई, कुई. चेन कोरडी होती. व्हर्निअर बाळगणाऱ्या माणसाच्या घरची चेन. रविवार असता तर दुसऱ्या गेटापासून शिनोळीपर्यंत पुरेल एवढा तो विषय होता, आणि रस्ता अगदी सपाट होता, दम भरपूर होता. मी शेजारच्या काकांकडे पाहिले. त्यांनीही ऐकले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवले, आणि दुसऱ्या हाताने, चालत्या सायकलीवरूनच, माझा पुढचा टायर किती पौंडांवर आहे अशी खूण केली.