ग्राँ बे ते गॅब्रिएल बेट: घरच्यांसोबत शिडाच्या बोटीवर

मॉरिशसच्या उत्तर किनाऱ्यावरच्या ग्राँ बेहून सकाळी कॅटामरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेल्या शिडाच्या बोटी गॅब्रिएल बेटाकडे निघतात. बरेच जण माणशी तिकीट काढून जातात. आमच्यासोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, ताईचं बिऱ्हाड आणि लहान मुलं होती, म्हणून आम्ही पूर्ण बोट घेतली. असाच गोतावळा असेल तर माझं ठाम मत आहे: खर्चाला कात्री हॉटेलात लावा, बोट मात्र स्वतंत्र घ्या. कुठे किती थांबायचं, कुणाला मळमळलं तर परत फिरायचं का, हे मग आपल्याला ठरवता येतं. गर्दीच्या बोटीवर मोठ्या आवाजातल्या गाण्यांत आणि रमच्या ग्लासांत म्हाताऱ्या माणसांना निवांत बसायला कोपरासुद्धा मिळत नाही.

ठरवतानाच दोन गोष्टी स्पष्ट विचारा. टुरिझम ऑथॉरिटीचा परवाना आहे का आणि मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का. तिसरी गोष्ट फारसं कुणी विचारत नाही: शिडं उभारणार ना? वेळ वाचवण्यासाठी इंजिनावरच नेऊन आणायचं असेल, तर शिडाच्या बोटीला पैसे कशाला मोजायचे?

या सफरीत सगळं वाऱ्यावर आहे. इथला नेहमीचा वारा आग्नेयेकडून येतो आणि बेट ईशान्येच्या अंगाला, साधारण सोळा किलोमीटरवर. म्हणजे जाताना वारा उजव्या बाजूने, किंचित मागून मिळतो आणि दीडेक तासाचा हा टप्पा सुखाचा जातो. परतताना तोच वारा डावीकडून, जरा समोरून येतो. बोट जास्त आपटते आणि पुढे दोन सांगाड्यांमध्ये ताणलेली जाळी चिंब होते. मुलांना जाळीवर लोळायचं असेल तर जातानाच लोळू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये वाऱ्याचा जोर असतो आणि जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे दिवस. आपल्या शाळांच्या मे आणि दिवाळीच्या सुट्ट्या त्या मानाने सोयीच्या.

शीड चढताना सगळ्यांनी बघावं. खलाशाने दोराचे वेढे विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चक्रीवर घातले आणि भाच्याला हँडल फिरवायला दिलं. शीड डोलकाठीवर सरकत वर गेलं, जोरात फडफडलं आणि वारा भरताच एकदम ताठ झालं. कप्तानाने इंजिन बंद केलं. मग फक्त बोटीखालून सुटणाऱ्या पाण्याचा आवाज. बाबांनी दोरावर तळवा ठेवला आणि म्हणाले, ‘‘थरथरतोय बघ.’’

वाटेत कुआँ द मीर या बेटाचा उभा कडा लागतो. तिथे लांब शेपटीचे पांढरे समुद्रपक्षी घिरट्या घालतात. इथून पुढे जमिनीचा आडोसा सुटतो आणि लाटा मोठ्या होतात. बोट लागते ती इथेच. डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वीच घ्या, आत केबिनमध्ये जाऊ नका, मागच्या बाजूला मध्यावर बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. मुलांच्या हातातले मोबाइल काढून घ्या.

गॅब्रिएलला धक्का नाही. छोट्या रबरी होडीतून वाळूपर्यंत जायचं आणि घोटाभर, कधी गुडघाभर पाण्यात पाय टाकायचा. आईचे गुडघे दुखतात, म्हणून खलाशांना आधीच सांगून ठेवलं होतं; दोघांनी तिला अलगद उतरवलं. बेटावर दुकान नाही, सावलीही जेमतेम. टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि भरपूर पाणी हवंच. गॅब्रिएल आणि शेजारच्या फ्लॅट आयलंडमधल्या खाडीत प्रवाहाला ओढ असते, तेव्हा पोहायची जागा कप्तानालाच विचारा. पोवळं आणि शिंपले जागच्या जागी राहू द्या.

मुलांना इथे एक गोष्ट जरूर सांगा. 1856 साली कलकत्त्याहून आलेल्या गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांना कॉलऱ्याच्या धास्तीने याच बेटावर ठेवलं होतं. पुरेसा निवारा नाही, अन्नपाण्याची आबाळ. शेकडो माणसं दगावली. आपल्या कोकणातूनही त्या शतकात मजूर मॉरिशसला गेले आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. आमच्या बोटीवरचा एक खलाशी त्यांच्यातलाच. बोलायचा क्रिओल, पण गणपतीची आरती तोंडपाठ. आईने त्याला गाव विचारलं, तर म्हणाला, ‘‘आजी सांगायची, रत्नागिरी.’’ आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढे कितीतरी वेळ ती त्याच्याशीच बोलत बसली. हे मजूर जिथे उतरायचे, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट त्याच सहलीत बघा. या बेटाचा अर्थ तिथे नीट उमगतो.

जेवण बोटीवरच भाजून देतात: मासे, कोंबडी, सॅलड, पाव. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगा आणि मांसाहाराआधी तुमचं भाजून घ्या. शिवाय सकाळी ग्राँ बेतून डाळपुऱ्या बांधून घेतल्या तर मुलांचा प्रश्नच मिटतो.

ही सफर परतीच्या आदल्या दिवशी ठेवू नका. समुद्र खवळला तर बोट सुटत नाही आणि सुटूही नये. मुक्कामाच्या सुरुवातीचा दिवस घ्या, म्हणजे पुढे ढकलायला जागा राहते. हवामानामुळे रद्द झाल्यास पैसे परत की दुसरी तारीख, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी घ्या.